तांबडी मुंगी : आधी ओळख, मग औषध



सुरू लागणीचे दिवस होते. गट ऑफिस उघडून आम्ही टेबलाशी बसतो न बसतो तोच एक सभासद दारात येऊन उभे राहिले. खिशातून त्यांनी काडेपेटी काढली आणि टेबलावर हळूच उघडली. आत काड्या नव्हत्या, पाच-सहा तांबड्या मुंग्या होत्या.

"सायेब, ह्यांनी माझं बेणं खाल्लं. निम्म्या सरीत तुटाळ पडलीया. पावडर द्या, ह्या बांधापासनं त्या बांधापर्यंत धुरळतो."

आम्ही म्हटले, "पावडरीचं मागनं बघू. आधी रान बघू."

रानात गेलो. उगवण विरळ होती हे खरे. जेथे कोंब नव्हता तेथली टिपरी उकरून काढली. साल वरून शाबूत, पण आतला गर खाऊन जागोजाग माती भरलेली. ही वाळवीची सही. तांबड्या मुंग्याही तेथे होत्या, पण त्यांच्या जबड्यात ऊस नव्हता. पांढुरक्या वाळव्या धरून त्या ओढत नेत होत्या. म्हणजे चोराच्या मागावर आलेल्या पोलिसालाच आपण चोर ठरवून बसलो होतो.

पावडर धुरळली असती तर पैसा गेला असता, मुंगी मेली असती आणि जमिनीखालची वाळवी बरीचशी वाचली असती. म्हणून या अंकात तांबड्या मुंगीची नीट ओळख करून घेऊ. विषय लहान दिसतो, पण उसाच्या फुटव्यांशी आणि खुरपणीला येणाऱ्या आयाबहिणींच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

तांबडी म्हणजे कोणती?

आपण रंगावरून नाव ठेवतो. तांबडी, काळी, मोठी असेल तर मुंगळा. पण तांबड्या रंगाच्या मुंग्या एका जातीच्या नाहीत. नेहमी गल्लत होते अशा चार येथे सांगतो.

पहिली झाडावरची. कोकणात तिला ओंबील म्हणतात. आंबा, काजू यांची हिरवी पाने एकमेकांना जोडून ती फांदीवरच घर करते. पाने जोडायला लागणारा रेशमासारखा धागा तिच्या अळ्या देतात. ही लांब पायांची, नारिंगी-तांबडी मुंगी कडकडून चावते आणि जखमेवर आम्ल सोडते, पण तिला नांगी नाही.

दुसरी घरातली. स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याला लागणारी, जेमतेम २ मिलिमीटरची पिवळसर तांबूस मुंगी. ती रानातली नव्हे.

तिसरी भुईतली. पिवळट तांबूस रंगाची, जमिनीखालीच वावरणारी. तिच्या कामकरी मुंग्यांना डोळेच नसतात. बटाटा, भुईमूग अशा जमिनीत पोसणाऱ्या पिकांना ती पोखरते.

चौथी आपल्या बांधावरची आणि सरीतली. घराला पाय लागला की क्षणात पायावर चढून डसणारी, आग आग करणारी. इंग्रजीत तिला 'फायर अँट' म्हणजे अग्निमुंगी म्हणतात. काडेपेटीतून आली ती हीच, आणि आजचा पाठ तिचाच आहे.

ओळखीच्या खुणा

यासाठी प्रयोगशाळा नको. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि पांढरा कागद पुरे. मुंग्या हाताने धरू नका. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत थोडे स्पिरिट घेऊन ओल्या काडीने आत टाका आणि मग कागदावर घेऊन पाहा.

पहिली खूण, एकाच घरात लहान-मोठ्या मुंग्या. ३ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत सगळ्या मापांच्या मुंग्या एकत्र दिसतात. मोठीचे डोके अंगाच्या मानाने फारच थोराड, जवळजवळ चौकोनी असते. मागच्या बाजूला मधोमध खाच असल्याने ते दोन फाकींचे दिसते. ही खूण पटली की निम्मे काम झाले.

दुसरी खूण, कंबर. छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबरेवर दोन गाठी असतात. ओंबिलीला एकच गाठ असते.

तिसरी खूण, मिशा. प्रत्येक मिशीला १० पेरे, आणि शेवटची २ पेरे फुगून गदेसारखी झालेली. घरातल्या बारीक मुंगीच्या मिशीला १२ पेरे असतात आणि गदा ३ पेऱ्यांची असते. ऊस मोजताना आपण पेरे मोजतो, तसेच हे.

चौथी खूण, पाठ. छातीच्या मागल्या टोकाला काटे नाहीत. रंग तांबूस तपकिरी, पोट काहीसे काळपट. पोटाच्या टोकाला नांगी.

वाळवीला आपल्याकडे पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगीच नव्हे. तिची कंबर बारीक नसते आणि मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते. वाळवीचे नाते झुरळाशी, मुंगीचे नाते गांधीलमाशीशी. दोघींचे वैर मात्र जुने.

कूळ आणि नाव

कारखान्याच्या शेअर रजिस्टरात आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. शास्त्रातही तसेच. या मुंगीचे आडनाव सोलेनॉप्सिस आणि नाव जेमिनाटा. आडनाव म्हणजे प्रजाती, नाव म्हणजे जाती. त्यावर मिर्मिसिनी हे उपकुल, त्यावर सर्व मुंग्यांचे फॉर्मिसिडी हे कुल, आणि त्यावर हायमेनॉप्टेरा हा गण. मधमाशी आणि गांधीलमाशीही याच गणातल्या. मुंगीला नांगी कोठून आली, याचे उत्तर या भावकीत आहे.

डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १८०४ साली या मुंगीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते अमेरिकेतल्या मुंगीवरून. पुढे १८५१ साली जर्डन नावाच्या डॉक्टरांनी दक्षिण हिंदुस्थानातल्या मुंग्यांची यादी केली, तेव्हा येथल्या तांबड्या मुंगीला त्यांनी 'रुफा' असे वेगळे नाव दिले. रुफा म्हणजे तांबडी. नंतर दोन्ही मुंग्या शेजारी ठेवून पाहिल्यावर त्या एकच निघाल्या, आणि आधीचे नाव कायम झाले. थोडक्यात, विद्वान मंडळीही रंगावर गेली होती. आपले चुकले तर लाज वाटायला नको, पण चूक दुरुस्त करावी.

ही आपली नव्हे, पाहुणी

ही मुंगी मूळची भारताची नाही. तिचे माहेर अमेरिका खंड. सोळाव्या शतकात स्पेनची जहाजे मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपाइन्समधल्या मनिला बंदराकडे जात. जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी माती-दगड भरत आणि दुसऱ्या बंदरात ते उतरवत. त्या मातीबरोबर मुंग्यांची घरेही गेली असावीत. निरनिराळ्या देशांतील मुंग्यांच्या आनुवंशिक गुणांची तुलना करणारे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यातून हाच मार्ग पुढे आला. तेथून व्यापाराच्या वाटांनी ती उष्ण देशांत पसरली. जर्डन यांना ती दिसली तेव्हा ती येथे रुळलेली होती. मिरची, बटाटा, भुईमूग हेही त्याच खंडातून आले. ते ठेवले आपण, ही मात्र न विचारता आली.

घर-संसार

पाऊस पडून उघडीप झाली की पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात. त्या राण्या आणि नर. हवेतच मीलन होते. नर थोड्याच वेळात मरतात. राणी जमिनीवर उतरते, पंख झटकून टाकते आणि ओलसर भुईत लहानसे बीळ करून बसते. पहिल्या खेपेच्या पिल्लांना ती बाहेरून काही आणून घालत नाही. आपल्या अंगातल्या साठ्यावर पोसते. अंडे, अळी, कोष आणि मुंगी अशा चार अवस्था असून उबदार हवेत त्याला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. घर फुटल्यावर मुंग्या जी पांढरी 'अंडी' तोंडात धरून पळतात, ती बहुतेक अंडी नसतात. त्या अळ्या आणि कोष असतात. खरी अंडी डोळ्यांना दिसतील न दिसतील इतकी बारीक.

कामकरी मुंग्या सगळ्या माद्या. घर वाढले की त्यांची संख्या हजारोंवर जाते. काही घरांत एकाऐवजी अनेक राण्या नांदतात.

घर उघड्या, उन्हाच्या जागी असते. बांध, पाटाची कड, वरंब्याचा माथा, गवताचा ठोंब. पण मुंगी दिसली तेथेच घर असते असे नाही. घरापासून जमिनीलगत उथळ बोगदे काढून ती लांबवर तोंडे पाडते. बोगद्याच्या तोंडाशी पावडर टाकली की वरच्या दोन-चारशे मरतात. राणी खाली सुखरूप. आठ दिवसांनी पुन्हा तोच खेळ.

आणखी एक गोष्ट. मोठी मुंगी घन पदार्थ गिळत नाही, फक्त रस पिते. आणलेला घास ती मोठ्या अळीला भरवते, अळी तो पचवून पातळ रस देते आणि तो घरभर फिरतो. म्हणून झटपट मारणारे विष राणीपर्यंत पोचत नाही. वाहून नेणारीच वाटेत मरते.

ती आपले काय खाते?

आता हिशेब मांडू. आधी नावेची बाजू.

तिला बी आवडते. थोराड डोक्याच्या मुंग्यांचा जबडा बी भरडण्यासाठीच असतो. गवताचे बी ती घरात साठवते, पण ज्वारी, टोमॅटो, तंबाखू यांचे पेरलेले बीही उचलून नेते. रोपवाटिका करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उसाच्या पाचटाखाली पेऱ्यापाशी गुलाबी पिठ्या ढेकूण असतो. त्याच्या अंगातून गोड चिकटा येतो. या चिकट्यासाठी मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकतात. उसावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर मुंगीला दोष देण्याआधी दोन पाने सोलून आत पाहा. मुंगी तेथे चाकरीला आलेली असते, मालक आत असतो.

तिसरे, ठिबकच्या नळ्या. हवाई बेटांत २०१६ पर्यंत ऊस होता. तेथे १९७०च्या दशकात ठिबक आले, तेव्हा नळ्या कुरतडून भोके पाडणाऱ्यांत हीच मुंगी सापडली. नळीला भोक दिसले की आपण उंदीर किंवा खार म्हणतो. कडा बारीक कुरतडलेली असेल आणि जवळ मुंग्यांची माती असेल तर तिचाही संशय घ्यावा.

चौथे, ट्रायकोकार्ड. कार्डावरची अंडी ती खाऊन टाकते. मित्र-शत्रू तिला कळत नाही. म्हणून कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचावे, आणि ट्रायकोग्रामा बाहेर पडण्याच्या बेतात असतानाच लावावे.

ती आपल्यासाठी काय खाते?

आता जमेची बाजू. ती शिकारी आहे. वाळवी, किडींची अंडी, अंगाने मऊ अळ्या हे तिचे रोजचे खाणे. खोडकिड्याची मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अळी बाहेर पडल्यावर काही काळ उघड्यावर फिरते, पाते आणि देठाचा भाग खाते, आणि मग कोंबात शिरते. एकदा आत शिरली की पोंगा मरतो आणि औषधालाही ती सापडत नाही. ती उघड्यावर असते त्या वेळी भुईवरून आणि पानावरून हिंडणारे मुंगी, कोळी असे शिकारी फुकटात राखण करत असतात. ही राखण दिसत नाही म्हणून आपण ती हिशेबात धरत नाही.

ती नाहीशी झाल्यावर काय होते, हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने पाहिले आहे. तेथे ऊस मोठ्या प्रमाणावर होतो आणि खोड पोखरणारी अळी हा तेथला मोठा शत्रू. तेथली अग्निमुंगी आपल्या मुंगीची चुलत बहीण, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली. माणसांना आणि जनावरांना ती फार डसते म्हणून १९५७ सालापासून सरकारने तिच्या निर्मूलनाची मोहीम काढली आणि हेप्टाक्लोर हे औषध सरसकट टाकले. मुंग्या मेल्या, त्यांच्याबरोबर इतर शिकारी कीटकही मेले. आणि उसातल्या अळीचे नुकसान वाढले. १९५८ सालीच तेथल्या ऊस संशोधकांनी हे लिहून ठेवले. मुंगी मात्र संपली नाही. १९७२ साली ब्यूरेन या शास्त्रज्ञाने ती वेगळी जात म्हणून तिचे नाव ठेवले, ते 'इन्व्हिक्टा', म्हणजे कधी न हरलेली.

तेथली जात वेगळी, हवामान वेगळे, म्हणून त्यांचे आकडे आपल्याला लागू करता येणार नाहीत. पण सरसकट औषधाचा धडा लागू आहे. आमच्यापैकी जुन्या मंडळींनी बीएचसी पावडरची पोती गटागटात वाटलेली आहेत. मुंगी म्हटले की पावडर, हुमणी म्हटले की पावडर. रानात न जाताच चिठ्ठी लिहिली जाई, हे आम्ही कबूल करतो. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. फोरेटचा वापरही २०२० अखेर बंद झाला. कोणाच्या वळचणीला जुना साठा असेल तर तो वापरू नये, कोणाला देऊही नये.

डसते त्याचे काय?

हा पाठ येथेच संपवला असता तर तो एकतर्फी झाला असता. मागच्या पावसाळ्यात एका प्लॉटवर भांगलणीच्या बायकांनी काम थांबवले. "पगार वाढवून दिला तरी त्या सरीत पाय घालणार न्हाई," एक मावशी म्हणाल्या. आदल्या दिवशी त्यांच्या सोबतीणीचा पाय मुंग्यांच्या घरावर पडला होता. थोड्या वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास लागला. ताबडतोब गाडीतून दवाखान्यात नेली म्हणून वाचली. ज्याच्या पायाला हे होते त्याला मुंगीचे उपकार सांगून काय उपयोग?

ही मुंगी जबड्याने कातडी धरते आणि नांगीने पुन्हा पुन्हा डसते. बहुतेकांना आग, खाज, गांधी, कधी बारीक फोड एवढ्यावर भागते. मुंग्या झटकून व पुसून काढाव्यात, साबणपाण्याने धुवावे, गार पाण्याची घडी ठेवावी, फोड फोडू नये. चुना, रॉकेल लावू नये. पण श्वास लागणे, ओठ किंवा जीभ सुजणे, चक्कर, अंगभर गांधी यांतले काहीही दिसले तर अंगारे-धुपारे करत वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा. ज्याला एकदा असे झाले त्याला पुन्हा त्या कामाला लावू नका.

मग करावे काय?

सगळ्या रानाशी भांडण नको, पायात येणाऱ्या घरांशी करा. भांगलणी आणि तोडणीच्या आदल्या दिवशी मालकाने स्वतः सरी फिरावी, घरे शोधावीत आणि प्रत्येक घराशी काठी रोवून तिला फडके बांधावे. मजुरांना ती दाखवावीत. गुडघाबूट द्यावेत, निदान पोटऱ्यांना पोते बांधावे.

वाटेवरचे, मोटारीजवळचे, पाणी सोडायच्या जागचे घर काढायचे असेल तर सकाळी कोवळ्या उन्हात मुंग्या अळ्या-कोष घेऊन वर आलेल्या असताना उकळते पाणी घराच्या मधोमध ओतावे. एकदाने भागत नाही, दोन-तीनदा करावे लागते. उसाच्या मुळाशी मात्र ओतू नये आणि स्वतःचे पाय सांभाळावेत. नुसते पाटाचे पाणी सोडून ती मरत नाही, बिऱ्हाड उचलून वरंब्यावर जाते. औषध वापरायचेच झाले तर परवानगी असलेले, लेबल वाचून, त्या घरापुरतेच.

त्या काडेपेटीवाल्या सभासदांनी पुढे काय केले? पावडर घेतली नाही. बेणेप्रक्रिया करून तुटाळी भरल्या, शेतातली कुजकी धसकटे वेचून काढली, आणि विहिरीच्या वाटेवरची दोन घरे उकळत्या पाण्याने काढली. बांधावरची राहू दिली. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "सायेब, आता मुंगी दिसली की आधी खाली वाकून बघतो, तोंडात काय हाय ते."

एवढे वाकून पाहणे प्रत्येक सभासदाने करावे, हीच विनंती.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. लहान-मोठ्या मुंग्या एकत्र, मोठीचे डोके चौकोनी व खाच असलेले, कंबरेला २ गाठी, मिशीला १० पेरे : ही अग्निमुंगी.
२. टिपरीत माती भरलेली असेल तर ते काम वाळवीचे.
३. उसावर मुंग्यांची रांग दिसली तर पाचट सोलून पिठ्या ढेकूण पाहा.
४. सरसकट पावडर नको. घर शोधा, काठी रोवा, तेवढेच काढा.
५. डसल्यावर श्वास लागला तर लगेच दवाखाना.

शंका असल्यास स्पिरिटच्या बाटलीत चार-पाच मुंग्या, लहान आणि मोठ्या दोन्ही, घालून आपल्या गट ऑफिसात आणाव्यात. बाटलीवर गट नंबर आणि मुंग्या कोठे सापडल्या ते लिहावे. पाहून सांगू.

— शेतकी खाते